डोक्यावरचा सूर्य आणि अंगातला ताप

मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास कनेरगाव नाक्यावर भर दुपारी उभ्या माणसाची सावली नाहीशी होते. घड्याळात साधारण बारा वाजून अठरा-वीस मिनिटे झालेली असतात. विजेचा खांब, हातपंप, एसटीची वाट पाहणारे प्रवासी, सगळ्यांची सावली त्या मिनिटा-दोन मिनिटांपुरती पायाखाली सरकते. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, पैनगंगेजवळचे हे गाव २० उत्तर अक्षांशाच्या अगदी लगत आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला वर्षातून दोनदा सूर्य थेट माथ्यावर येतो, तसा तो इथेही येतो. एकदा मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा २३ जुलैच्या सुमारास.

या दोन दिवसांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. दोन्ही दिवशी सूर्य तेवढ्याच उंचीवर असतो. दिवसाची लांबीही जवळजवळ सारखीच, तेरा तासांहून थोडी जास्त. म्हणजे आकाशातून गावावर येणारी ऊर्जा जवळपास तेवढीच. तरी मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो आणि जुलैमध्ये तो तिशीच्या आसपास रेंगाळतो. सूर्य तोच, गाव तेच, मग मधले दहा-बारा अंश गेले कुठे? हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर दुपारी तीन वाजता कुणाला तरी खाटेवरून उचलून आणले जाते, त्या प्रसंगाशी त्याचा थेट संबंध आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, असे अनेक सुशिक्षित माणसेही मनात धरून असतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. या फरकामुळे जानेवारीत पृथ्वीला मिळणारी ऊर्जा जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त असते. तरीही जानेवारीत हिंगोली-वाशीमच्या शिवारात पहाटे शेकोट्या पेटतात. कारण खरा खेळ अंतराचा नाही, कोनाचा आहे.

बॅटरीचा झोत भिंतीवर समोरून सरळ टाकला तर लहान, लख्ख गोल दिसतो. तोच झोत तिरका टाकला की डाग पसरतो आणि फिका पडतो. बॅटरीतून निघणारा प्रकाश तेवढाच असतो, तो जास्त जागेवर वाटला जातो एवढेच. सूर्याचे तसेच आहे. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते. त्यातला काही भाग ढग, धूळ आणि हवा अडवतात. निरभ्र दुपारी सूर्य माथ्यावर असेल तर जमिनीवर साधारण ९०० ते १,००० वॅट पोचतात. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला कनेरगाव नाक्यावर सूर्य भर दुपारीही माथ्यापासून सुमारे ४३ अंश दक्षिणेला कललेला असतो. त्या वेळी सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरला मेच्या मानाने ७३ टक्केच किरण मिळतात. शिवाय किरणांना तिरक्या वाटेने जास्त हवा ओलांडावी लागते. वर दिवसही लहान, अकरा तासांच्या आत. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थंडी पडते. प्राचीन ग्रीकांना ही कोनाची गोष्ट चांगली ठाऊक होती. युरोपीय भाषांतला हवामानासाठीचा 'क्लायमेट' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच 'कल' किंवा 'उतार' असा आहे.

पण नुसत्या कोनावर भागत नाही. भागले असते तर एका अक्षांशावरच्या सगळ्या गावांना एकच उन्हाळा लाभला असता. २० अक्षांशाच्या आगेमागे असलेली ठिकाणे पाहा. मुंबई १९ वर आहे, ओडिशातले पुरी पावणेवीसच्या किंचित वर, सुदानचे पोर्ट सुदान साडेएकोणिसाच्या आसपास, मेक्सिको सिटी १९.४ वर आणि प्रशांत महासागरातल्या हवाई बेटावरचे हिलो शहर १९.७ वर. या साऱ्यांना वर्षभरात सूर्य जवळपास सारखाच मिळतो. तरी मेक्सिको सिटीत मे महिन्यात स्वेटर कपाटात टाकायची घाई कुणी करत नाही, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. दर किलोमीटर चढणीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. आपल्याकडे महाबळेश्वरला लोक मे महिन्यात का जातात, त्याचे उत्तरही यातच आहे. हिलोला चारही बाजूंनी महासागर आहे, त्यामुळे तिथे उन्हाळा-हिवाळ्यात फार फरकच पडत नाही. १८१७ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने सारख्या तापमानाची ठिकाणे रेषांनी जोडून नकाशा काढला. त्या रेषा अक्षांशांना समांतर न जाता वाकड्यातिकड्या वर-खाली गेल्या, तेव्हा ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

मुंबई आणि कनेरगाव यांच्यातला फरक आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. पाणी तापायला हट्टी असते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो कोरडी माती पाच-एक अंशांनी तापते. शिवाय समुद्राच्या पाण्यात प्रकाश खोल जातो, लाटा ते पाणी घुसळतात, त्यामुळे आलेली उष्णता अनेक मीटर जाडीच्या थरात वाटली जाते. शेतात मात्र ती वरच्या वीतभर मातीत अडकते. मराठवाडा-वऱ्हाडातली माती तर काळी. ज्या काळ्या कसदार मातीने इथल्या कापसाला आणि सोयाबीनला जगवले, तीच उन्हाळ्यात उघडी पडली की आलेला बहुतेक प्रकाश पिऊन टाकते. मे महिन्यातल्या भर दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो. अनवाणी चालणाऱ्या लहान मुलांच्या तळव्यांना फोड येतात ते यामुळेच.

आता मे आणि जुलैच्या कोड्याकडे परत येऊ. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी इथल्या एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण सात युनिट ऊर्जा पडते. युनिट म्हणजे विजेच्या बिलातले तेच युनिट. एका गुंठ्यात सुमारे १०० चौरस मीटर असतात, म्हणजे एका गुंठ्यावर एका दिवसात सातशे युनिट. ही ऊर्जा मुख्यतः दोन कामांत खर्च होऊ शकते. माती आणि हवा तापवणे हे एक, पाण्याची वाफ करणे हे दुसरे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी इतकी ऊर्जा लागते. जुलैमध्ये मातीत ओल असते, पिके उभी असतात, पाने बाष्प सोडत असतात. आलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा गुपचूप वाफेत जातो आणि थर्मामीटरला त्याचा पत्ता लागत नाही. त्यातून ढग बराच प्रकाश वरच्या वर परत पाठवतात. मे महिन्यात मातीत देण्यासारखे पाणीच उरलेले नसते आणि आकाश मोकळे असते. जवळपास सगळी ऊर्जा माती आणि हवा तापवण्यात जाते. म्हणून २१ जूनला सूर्य सर्वांत उत्तरेला जात असला तरी आपल्याकडचा सर्वांत कडक महिना जून नसून मे आहे. रोहिणी नक्षत्रात ऊन तापते आणि मृगाचा पाऊस ते उतरवतो, असे जुने शेतकरी म्हणतात. त्यात हवामानशास्त्राने दुरुस्ती करावी असे फारसे काही नाही.

दिवसाच्या घड्याळातही असाच उशीर असतो, आणि तो माणसाला फसवतो. सूर्य माथ्यावर येतो सव्वाबारा-साडेबाराला, पण हवेचे तापमान सर्वाधिक होते अडीच ते साडेतीनच्या दरम्यान. बारा वाजून गेल्यावरही जमीन जेवढी उष्णता गमावते त्यापेक्षा जास्त मिळवत असते. दुपारी दोन-अडीचला 'ऊन कललं' म्हणून पुन्हा कामाला लागणारा माणूस नेमका हवेच्या शिखर तापमानात शिरतो.

वर्तमानपत्रात येणारा तापमानाचा आकडा कुठला असतो हेही माहीत असावे. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला असतो. तो सावलीतल्या, वारा खेळत्या हवेचे तापमान सांगतो. मैदानी भागात हा आकडा ४० किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेला, किंवा थेट ४५ ला पोचला, की उष्णतेची लाट मानतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तीही पेटीतलीच. शेतात वाकलेल्या बाईला, डांबरी रस्त्यावर खडी पसरणाऱ्याला किंवा पत्र्याच्या टपरीत भजी तळणाऱ्याला त्या पेटीत बसता येत नाही.

त्यांच्या शरीराचा जमाखर्च वेगळा मांडावा लागतो. स्वस्थ बसलेले शरीर सुमारे १०० वॅट उष्णता तयार करते, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. अंगमेहनतीच्या कामात हा आकडा ४०० पर्यंत सहज जातो. त्यावर उन्हाची भर. इथे एक गंमत आहे. सूर्य थेट माथ्यावर असताना ताठ उभ्या माणसावर फार कमी ऊन पडते, फक्त डोके आणि खांदे सापडतात. दोन पायांवर उभे राहण्याचा माणसाला झालेला हा एक फायदा आहे, असे काही शास्त्रज्ञ मानतात. पण खुरपायला किंवा हळदीचे कंद वेचायला वाकलेली बाई हा फायदा घालवून बसते. तिची मान, खांदे आणि पूर्ण पाठ उन्हाला काटकोनात येते. पाठीचे क्षेत्र चौरस मीटरच्या एक तृतीयांश धरले तरी तीनशेच्या आसपास वॅट तिच्यावर पडतात. फिक्या रंगाचे सुती कापड त्यातले काही परतवते, काळे पोलके मात्र बहुतेक सारे शोषते.

साधारणपणे शरीर ही उष्णता हवेला देऊन मोकळे होते, कारण त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते आणि हवा त्याहून थंड असते. हवा ३५ च्या वर गेली की ही वाट उलटी फिरते, हवाच शरीराला तापवू लागते. मग एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून सुकला तर तो तासभर सुमारे ६७० वॅटच्या गतीने उष्णता वाहून नेतो. म्हणजे वरच्या हिशेबातल्या मजुराला तासाला साधारण लिटरभर घाम गाळावा लागतो आणि तेवढे पाणी शरीरात परत यावे लागते. चार तासांत एक तांब्या पाणी पिऊन हा हिशेब जुळत नाही.

हिंगोली जिल्ह्यात हा हिशेब चुकण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. हळद काढून झाली की फेब्रुवारी-मार्चपासून ती शिजवायची आणि उन्हात वाळवायची कामे सुरू होतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीची बाजारपेठ राज्यभर ओळखली जाते. पण या पिवळ्या पिकामागे वाफ सोडणाऱ्या कुकरजवळ उभा असलेला माणूस असतो. त्याला वरून ऊन, बाजूने भट्टीची धग, खालून तापलेली जमीन आणि अंगातून मेहनतीची उष्णता, अशी चारही बाजूंनी भर पडते. शिवाय वाफेजवळची हवा दमट असल्याने घाम सुकतच नाही. अशा ठिकाणी माणूस पावणेबाराला आजारी पडला आणि त्या दिवशीचा अधिकृत पारा ३९ च असला, तरी 'आज काही एवढं ऊन नव्हतं' असे म्हणून त्याला घरी पाठवणे धोक्याचे आहे.

दमटपणाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कनेरगावच्या मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या कपड्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २२ अंश दाखवतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तोच थर्मामीटर २८ च्या पुढे असतो. ओला थर्मामीटर हा घाम आलेल्या त्वचेचा नमुना आहे. कोरड्या हवेत घाम झरझर सुकतो, दमट हवेत तो नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम उष्णता नेत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूर-हिंगोलीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत, सावली नसलेल्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांसाठी तो किरकोळ नव्हता. कोकणात कूलर चालत नाही आणि वऱ्हाडात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गारेगार करतो, त्याचे कारणही हेच.

कोरड्या हवेचा दोष वेगळा आहे. घाम आल्याआल्या सुकतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. अंग कोरडे दिसते आणि पाणी मात्र जात राहते. लघवी कमी आणि गडद होते, जळजळ होते. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. पाणी पोटात जात असल्याने त्याचा उपयोगही होतो. पण सोबत थंडी वाजून ताप आला, कंबरेत दुखू लागले, तर ती उन्हाळी नव्हे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा तपासणी करून घ्यावी.

उष्माघाताची ओळख एका गोष्टीवर ठरते: माणसाचे भान. पायात गोळे येणे, भोवळ, मळमळ, अशक्तपणा ही आधीची पायरी. सावलीत नेऊन, पाय थोडे वर करून झोपवले आणि क्षारसंजीवनीचे पाणी दिले की बहुतेक माणसे सावरतात. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला, तर शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आहे असे धरून चालावे. त्याची कातडी कोरडी असेलच असे नाही. मेहनत करताना कोसळलेला मजूर घामाने निथळतही असू शकतो. 'घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही' हा समज अनेकांना महागात पडला आहे.

अशा वेळी पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे आणि पुठ्ठा, टॉवेल, पंखा, जे हाताशी असेल त्याने वारा घालावा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी आणि वारा ही जोडी चांगले काम करते, याचे कारण वरच्या २२ अंशांच्या हिशेबात आहेच. पाणी साधे, टाकीतले असले तरी चालते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी, सरबत, कांद्याचा रस, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे.

तापाची गोळीही देऊ नये. जंतुसंसर्गात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वर ठरवतो आणि पॅरासिटामॉल ते ठरवणे बदलते. उष्माघातात मेंदूने काही ठरवलेले नसते, बाहेरून आलेल्या उष्णतेखाली यंत्रणाच कोलमडलेली असते. गोळीने काही साधत नाही, उलट आधीच मार बसलेल्या यकृतावर बोजा पडतो. दोन्हींना आपण मराठीत 'ताप' म्हणतो, त्यामुळे हा घोळ होत असावा. खिशातल्या पांढऱ्या कांद्याबद्दलही बोलायला हवे. त्याने ऊन अडत नाही. भाकरीबरोबर खाल्ला तर निदान थोडे पाणी तरी मिळते. पन्हे आणि मीठ घातलेले ताक यांची मात्र थट्टा करण्याचे कारण नाही. पाणी, क्षार आणि पन्ह्यातला गूळ, शरीराला त्या वेळी हवे असते तेच त्यात असते. मधुमेह असलेल्यांनी गुळाचा विचार करावा, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाचा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधे, सर्दीच्या काही गोळ्या यांनी उष्णता सहन करण्याची ताकद कमी होते. त्या मनाने बंद करायच्या नसतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी कमी वाढते. म्हणून मार्च-एप्रिलमधले पहिले कडक दिवस आणि कामावर नवा आलेला माणूस, ही धोकादायक जोडी असते. ठेकेदाराने नव्या माणसाला पहिले तीन-चार दिवस निम्मे काम दिले तर एखादा जीव वाचतो. त्यासाठी कुठले यंत्र लागत नाही.

रात्रीकडे सहसा दुर्लक्ष होते. दिवसभर घेतलेली उष्णता जमीन रात्री अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती झटकन निघून जाते. म्हणूनच जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते आणि मार्चमध्ये दुपार तापली तरी पहाट सुखाची असते. ढग आणि बाष्प या उष्णतेवर पांघरूण घालतात. मातीच्या, धाब्याच्या घरात जाड भिंती आणि छत उष्णता आत यायला उशीर लावत. आताच्या स्लॅबच्या घरात छत दिवसभर तापते आणि रात्री दहालाही खाली धग सोडत राहते. पत्रा दिवसा भट्टी होतो, रात्री मात्र लवकर निवतो. ज्या घरात वृद्ध किंवा हृदयरोगी आहेत तिथे ही रात्रीची धग दुपारच्या उन्हाइतकीच महत्त्वाची असते, कारण हृदयाला विसावा मिळतच नाही. मार्चच्या सुरुवातीला छताला चुन्याचे दोन-तीन हात दिले तर आतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरते. घरातले तापमान ४० च्या वर गेले की नुसता पंखा गरम हवा अंगावर फेकतो. अंगावर ओले कापड घेऊन मग तो लावावा.

हे सगळे एका गावापुरते झाले. पृथ्वीभर पाहिले तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा पट्टा जेवढी ऊर्जा आकाशाला परत करतो त्यापेक्षा जास्त मिळवतो आणि ध्रुवांकडचे प्रदेश मिळवतात त्यापेक्षा जास्त गमावतात. हा तोल वारे आणि सागरी प्रवाह सांभाळतात, नाहीतर आपला पट्टा तापतच गेला असता. १६८६ मध्ये एडमंड हॅली याने व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचे मूळ सूर्याच्या असमान तापवण्यात शोधले होते. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो हॅली. मे महिन्यात तापलेल्या आपल्या जमिनीकडे समुद्रावरची हवा ओढली जाते, हे मोसमी पावसामागचे एक मोठे कारण. म्हणजे जो उन्हाळा नकोसा होतो, तोच पाऊस आणायलाही हातभार लावतो.

या जुन्या जमाखर्चात आता एक नवी रक्कम जमा होत आहे. सूर्य पूर्वीइतकाच तळपतो आहे, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने परत जाणारी उष्णता अडते. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंश जास्त. दीड अंश ऐकायला थोडा वाटतो, पण सरासरी एवढी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी वाढतात. मे २०१० मधल्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलेला नसणार. हृदय, मूत्रपिंड, पक्षाघात अशीच कारणे असणार. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि देशात इतरांनी तो उचलला.

तो आराखडा शहरासाठी होता. नाक्यावरच्या गावाला त्यातले काय लागू पडते? एसटी थांब्यावर सावली, पाण्याचा रांजण, हळदीच्या भट्टीजवळ भिजवलेले गोणपाट आणि पाण्याचा ड्रम, कामाच्या वेळा पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. बर्फ कुठल्या दुकानात मिळतो हे आधीच माहीत असणे. यातल्या बहुतेक गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहेत.

जुलैच्या २३ तारखेला सूर्य पुन्हा माथ्यावर येईल तेव्हा बहुधा ढग असतील आणि सावली गेल्याचे कुणाला कळणारही नाही. पारा तिशीत असेल, म्हणून उष्णतेची आठवण कुणाला राहणार नाही. पण तेव्हा सोयाबीन आणि कपाशीत फवारणी सुरू असते. हवा दमट, अंगावर जाड कपडे, पाठीवर भरलेला पंप, आणि मध्येच ढग फाटून अंगावर पडणारे तेच माथ्यावरचे ऊन. घामाने ओल्या, तापलेल्या कातडीतून औषध जास्त वेगाने आत शिरते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या महिन्यांत चक्कर, मळमळ आणि घाम घेऊन आलेल्या माणसाला ऊन लागले की विष चढले, हे ठरवताना डॉक्टरही क्षणभर थबकतात. दोन्हींत घाम असतो, दोन्हींत उलटी असते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडातून लाळ गळत असेल, तर संशय विषाचा. फवारणी सकाळी नऊच्या आत आटोपावी, आणि आजारी माणसाला दवाखान्यात आणताना औषधाचा डबा सोबत आणावा.